बेनेट दांपत्य कोणाच्या आवाजात ऐकावे? लिब्रिवॉक्सवरील ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’

लिब्रिवॉक्स या संकेतस्थळावर २००५ पासून, स्वामित्वहक्काची मुदत संपलेली पुस्तके स्वयंसेवकांच्या आवाजात विनामूल्य ऐकता येतात. जेन ऑस्टिन यांच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीची तर तेथे एकाहून अधिक वाचने आहेत. त्यांतून निवड करताना आवाजाचा गोडवा मला दुय्यम वाटतो. नायिका एलिझाबेथ बेनेट आणि नायक डार्सी कोणत्याही वाचनात तरून जातात. वाचणाऱ्याचा कस लागतो तो तिच्या आईवडिलांपाशी, कारण बेनेट पतिपत्नींविषयीचे आपले मत त्यांच्या वागण्याइतकेच कादंबरीतल्या निवेदकाच्या सुरावरून बनत असते.

पहिल्या प्रकरणाचा शेवट पाहा. आपल्या दुबळ्या नसांची कोणाला कीव येत नाही, अशी तक्रार श्रीमती बेनेट करतात, तेव्हा त्या नसांबद्दल आपल्याला नितांत आदर असून वीस वर्षे तरी आपण त्यांचे नाव ऐकत आलो आहोत, असे उत्तर पतिराज देतात. पाठोपाठ निवेदकाचा निवाडा येतो. पतीच्या वाट्याला एक लांब, डौलदार वाक्य येते: तल्लखपणा, उपरोध, अबोलपणा आणि लहरीपणा यांचे असे मिश्रण, की तेवीस वर्षांच्या संसारातही पत्नीला त्याचा थांग लागला नाही. पत्नीची बोळवण मात्र तुटक शब्दांत होते: बुद्धी बेताची, माहिती तोकडी, स्वभाव बेभरवशाचा. आपण हसतो आणि नकळत पतीच्या बाजूला जाऊन बसतो.

त्या पतीचा हिशेब निवेदक थेट बेचाळिसाव्या प्रकरणात मांडतो. मुलींदेखत पत्नीची थट्टा करून त्याने तिला पोटच्या पोरींच्या नजरेतून उतरवले, हे तिथे एलिझाबेथच्या मनातून स्पष्ट होते. पुढे पन्नासाव्या प्रकरणात कळते, की वर्षाला २,००० पौंडांचे उत्पन्न असूनही त्याने मुलींसाठी काही शिल्लक टाकली नव्हती. इस्टेट पुरुष वारसाकडेच जाणार असताना पाच मुलींच्या लग्नांची घाई करणारी आई तितकीशी मूर्ख ठरत नाही. (बचतीत तिलाही गती नव्हती, हेही निवेदक सांगून टाकतो.)

म्हणूनच एकाच व्यक्तीने सलग केलेले वाचन मला सर्वांत सरस वाटते. निवेदन आणि संवाद एकाच कंठातून येत असल्यामुळे, निवेदक कुठे श्रीमती बेनेटबाईंचेच मत मिस्कीलपणे स्वतःच्या तोंडी घेतो, हे ऐकू येते; श्रीमंत अविवाहित पुरुषाला बायको हवीच असते, हे कादंबरीचे पहिलेच वाक्य त्याचा उत्तम नमुना आहे. सामूहिक वाचनात प्रकरणागणिक वाचक बदलतो, त्यामुळे पहिल्या प्रकरणातला निवाडा आणि बेचाळिसाव्यातली परतफेड एकाच निवेदकाची आहे, हे जाणवणे अवघड होते. पात्रे वाटून घेतलेले नाट्यवाचन रंगतदार खरे, पण तिथे बाईंचा आक्रस्ताळेपणा नटीच्या गळ्यातून येतो आणि त्यामागचा निवेदकाचा हात दिसेनासा होतो.

प्रकरणांच्या फाइली स्वतंत्र असल्यामुळे निवड करण्यापूर्वी पहिले आणि बेचाळिसावे ही दोन प्रकरणे लागोपाठ ऐकावीत. बेचाळिसाव्यातही वाचणाऱ्याच्या आवाजातील मिस्कीलपणा ओसरत नसेल, तर दुसरे वाचन शोधावे.