सिरिंज पंप, सेफ्टी इंट्राकॅथ आणि लॉक होणाऱ्या सिरिंजा: दसऱ्यापासून वापरतोय, त्याचा अनुभव

सांगलीहून तासगावकडं जाताना लागणाऱ्या एका वीसेक खाटांच्या हॉस्पिटलात मी इन्चार्ज सिस्टर आहे. दसऱ्याच्या सुमारास आमच्या सरांनी एकदम तीन गोष्टी बदलल्या. दोन सिरिंज पंप (सिरिंजचा दट्ट्या ठरलेल्या वेगानं सरकवून औषध देणारं मशीन) आले, साध्या इंट्राकॅथच्या (शिरेत सलाईनची नळी बसवायच्या सुईच्या) जागी सेफ्टीवाल्या आल्या आणि इंजेक्शनच्या सिरिंजा एकदा वापरल्या की निकामी होणाऱ्या मागवल्या. आता पावसाळा लागलाय. द्राक्षाची फवारणी, उसाची तोड, उन्हाळ्यातले जुलाब-उलट्या असं सगळं या वस्तूंनी बघून झालंय, तेव्हा लिहायला हरकत नाही. कंपनीचं आणि डीलरचं नाव घेणार नाही, कमेंटमध्ये विचारूही नका.

माझं मत आधीच सांगते. जी वस्तू आपलं काम आपोआप करते, ती पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी वापरली. जिच्यासाठी सिस्टरला एक जास्तीची क्रिया आठवणीनं करावी लागते, ती वस्तू सकाळच्या राउंडला वापरली जाते आणि रात्री तीनला विसरली जाते. खाली जे लिहिलंय ते या एका चष्म्यातून वाचा.

सिरिंज पंपाबद्दल जास्त लिहिते, कारण पैसे तिथंच गेले आणि शिकायलाही तिथंच लागलं. आमच्याकडं ऑक्टोबरच्या छाटणीनंतर औषधाचे, म्हणजे कीटकनाशकाच्या विषबाधेचे पेशंट सुरू होतात. कुणी फवारताना बाधा झालेला, कुणी घरात भांडण करून प्यायलेला. ऑर्गॅनोफॉस्फेट (कीटकनाशकांचा एक प्रकार) असेल तर त्यावर उतारा म्हणून ॲट्रोपिन द्यावं लागतं. छातीत साठलेला स्राव आटून छाती कोरडी होईपर्यंत डॉक्टर दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत जातात आणि मग तेवढ्यासाठी जितकं लागलं त्याच्या साधारण १० ते २० टक्के दर तासाला चालू ठेवतात. इथं पंपाची खरी किंमत कळते. ॲट्रोपिनचा नेहमीचा ॲम्प्युल १ मिलीचा, त्यात ०.६ मिलिग्रॅम. पेशंटला ३० मिलिग्रॅम लागलं असेल आणि दहा टक्क्यांनी चालू ठेवायचं असेल तर तासाला ३ मिलिग्रॅम, म्हणजे पाच ॲम्प्युल. ५० मिलीची सिरिंज भरायला पन्नास ॲम्प्युल फोडायचे, ताशी ५ मिलीनं लावायचं, दहा तास निघतात. पन्नास ॲम्प्युल फोडताना अंगठ्याचं काय होतं ते ज्यांनी फोडलेत त्यांना माहीत. मोठी व्हायल मिळाली तर ती घ्या, मी तर मेडिकलवाल्याच्या मागंच लागते.

पूर्वी हेच आम्ही बाटलीत घालून मायक्रो सेटनं (बारीक थेंबांच्या सलाईनच्या नळीनं) द्यायचो. मायक्रो सेटला ६० थेंबांचा १ मिली होतो, त्यामुळं मिनिटाला जितके थेंब तितके ताशी मिली, हिशेब सोपा. पण ॲट्रोपिन चढलेला पेशंट शांत पडून राहत नाही. हात आपटतो, उठून बसतो, हात दुमडला की थेंब थांबतात, सरळ झाला की धो धो. त्यात नातेवाईक. "सिस्टर, लई हळू चाललीया, म्हणून जरा सोडली" असं म्हणून रोलर (नळीवरचं वेग कमी-जास्त करायचं चाक) फिरवलेला असायचा. पंपाला रोलर नाही, हा एकच मुद्दा मला पुरेसा आहे. आमच्या पंपावर कीपॅड लॉकही आहे, पण तो दर वेळी आपण दाबायचा आहे. दाबला जातो का? दिवसा हो.

आता त्रास काय ते. पहिला त्रास सिरिंजचा. पंप सिरिंजचा घेर मोजून ५० मिलीची की २० मिलीची ते ओळखतो, पण कंपनी ओळखत नाही, ती मेनूतून निवडावी लागते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ५० मिलीच्या सिरिंजांचा आतला व्यास सारखा नसतो. दट्ट्या तेवढाच सरकला तरी औषध कमी-जास्त जातं. आमच्याकडं स्टोअरमध्ये स्वस्त मिळाली म्हणून मध्येच दुसऱ्या कंपनीची पेटी आली होती, ती मी पंपासाठी वापरू दिली नाही. ज्यांच्याकडं खरेदी ऑफिसातून होते त्यांनी हे तिथं जाऊन सांगा. आणि सिरिंज लुअर लॉकचीच, म्हणजे पिळून घट्ट बसणारीच घ्या. नुसती दाबून बसवायची सिरिंज दाब आला की सुटते, मग औषध चादरीत.

दुसरा, अडथळ्याचा अलार्म. नळी दुमडली की पंप ओरडतो हे खरं, पण लगेच नाही. दाब साठायला वेळ लागतो आणि वेग जितका कमी तितका वेळ जास्त. ताशी १ मिलीवर चालू असेल तर बराच वेळ पेशंटला काहीच जात नाही आणि पंपावर मात्र हिरवा दिवा. त्याहून वाईट म्हणजे अलार्म झाल्यावर घाईनं नळी सरळ केली की साठलेला दाब एका दमात पेशंटमध्ये जातो. नॉरॲड्रिनालिन (बीपी वाढवायचं औषध) चालू असेल तर बीपी कुठल्या कुठं जाईल. म्हणून आधी थ्री-वे (नळीतला तीन तोंडांचा छोटा कॉक) पेशंटच्या बाजूनं बंद, मग दाब मोकळा करायचा, मग नळी बघायची. महागड्या पंपात दट्ट्या आपोआप थोडा मागं येतो, आमच्यात नाही. ज्यांना परवडतं त्यांनी एवढ्या एका गोष्टीसाठी वरचं मॉडेल घ्यावं.

तसंच सिरिंज बदलताना. नळी पेशंटला जोडलेली असताना पंपातून सिरिंज मोकळी केली आणि ती पेशंटपेक्षा उंच असली तर औषध स्वतःच्या वजनानं खाली जातं, दट्ट्याला कुणी हात न लावता. आधी थ्री-वे बंद, मग सिरिंज. पंप स्टँडवर छताला टेकवून लावू नका, पेशंटच्या छातीच्या पातळीला ठेवा. नवीन सिरिंज बसवली की पंपानंच थोडं औषध बाहेर सोडून मग जोडा, नाहीतर दट्ट्या आणि पंपाच्या पकडीत जी पोकळी असते ती भरेपर्यंत पेशंटला औषध सुरूच होत नाही.

आकडे टाकताना आम्ही दोघी मोठ्यानं बोलतो. एकीनं टाकायचं, दुसरीनं स्क्रीन वाचायची, दशांश चिन्हासकट. नवीन पोरी हसायच्या. पण अमेरिकेत एफडीएकडं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडं) २००५ ते २००९ या काळात इन्फ्युजन पंपांबद्दल सुमारे ५६,००० तक्रारी आल्या होत्या आणि ८७ वेळा कंपन्यांना पंप परत मागवावे लागले. त्यातल्या काही पंपांत बटण एकदा दाबलं की आकडा दोनदा उमटायचा. यंत्रावर आकडा दिसतो म्हणजे तो बरोबरच आहे, असं मानायचं कारण नाही. औषधांची यादी आत भरलेले पंप येतात, मर्यादेबाहेरचा डोस टाकला तर अडवतात. आमच्या बजेटात ते नाहीत.

नातेवाइकांचं सांगायला हवं. मोठी बाटली लटकत नाही म्हटल्यावर त्यांना उपचार सुरू आहेत असं वाटतच नाही. "एवढ्याश्या सिरिंजनं काय हुतंय ओ? आनि ह्या मशीनचं बिल येगळं लावनार व्हय?" आमच्याकडं वेगळं बिल नाही, हे आम्ही आता पंपावरच चिकटवून ठेवलंय.

लाईटचं वेगळं सांगायला नको. २०१९ चा महापूर बघितलेला सांगलीकर कुठलंही मशीन घेताना आधी बॅटरी विचारतो. आमच्या पंपांची बॅटरी सुरुवातीला मस्त चालायची, आता एकाची बरीच उतरलीय. पेशंट नसतानाही प्लग लावून ठेवा. बॅटरी बदलायला मिरजेचा माणूस येतो, मिरजेत दवाखाने इतके आहेत की अशी माणसं तिथं मिळतात, पण फोन केल्या दिवशी येईल याची खात्री नाही.

पंप नसलेल्या खाटांवर डायल-फ्लो (सलाईनच्या नळीवरची वेग ठरवायची चकती) वापरतो. डायलवर ६० लिहिलंय म्हणून ताशी ६० मिली जातंच असं नाही. बाटलीची उंची आणि पेशंटचा हात यावर ते हलतं. साध्या सलाईनला ठीक, पोटॅशियमला अजिबात नाही.

सेफ्टी इंट्राकॅथबद्दल लिहायला थोडंच आहे, कारण तक्रार थोडी आहे. शीर लागली, नळी आत सरकवली, सुई मागं ओढली की शेवटी किंचित अडकल्यासारखं लागतं आणि एक बारीक स्टीलची क्लिप टोकावर बसते. बस. वेगळं बटण नाही, वेगळा अंगठा नाही. ती सुई ट्रेमध्ये पडली, चादरीत राहिली, मावशींच्या हाताला लागली तरी टोचत नाही. साध्या इंट्राकॅथची सुई हातात धरून एका हातानं टेप चिकटवायची कसरत ज्यांनी केलीय त्यांना यातलं सुख कळेल. रक्त मात्र हिच्यातूनही येतं, सुई काढताना नळीच्या टोकापुढं शीर दाबावीच लागते. रक्त अडवणारा पडदा असलेलीही मिळते, ती अजून महाग. वांधा एकच. शीर हुकली तर सुई थोडी मागं घेऊन पुन्हा पुढं ढकलायची जुन्या सिस्टरांची सवय असते. ती सवय मुळातच वाईट, कारण सुईनं नळीच कापली जाऊ शकते. इथं क्लिप बसली की ते शक्यच नाही, नवीन घ्यावी लागते. म्हाताऱ्या, सुकलेल्या पेशंटला पिवळ्या २४ नंबरच्या दोन-दोन जातात आणि बिलिंगवाले आमच्याकडं बघतात.

हा खर्च कशासाठी, हे सरांनी स्टाफ मीटिंगला आकड्यांत सांगितलं ते बरं झालं. बाधित पेशंटची सुई टोचली तर एचआयव्हीची शक्यता साधारण ०.३ टक्के. हिपॅटायटिस बी ची, लस न घेतलेल्या माणसाला, ६ ते ३० टक्के. सगळे एचआयव्हीला घाबरतात आणि बी ची लस घेत नाहीत. तीन डोस आहेत, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. आमच्याकडं आता मावशींपासून सगळ्यांचे झालेत. टोचलंच तर जागा साबण-पाण्यानं धुवायची, पिळायची नाही, आणि ताबडतोब सरकारी दवाखान्यात. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि २८ दिवस घ्यायची.

आता सिरिंजा. कल्पना जुनी आहे. मार्क कोस्का नावाच्या ब्रिटिश माणसानं १९८४ मध्ये सिरिंजमधून एचआयव्ही पसरेल अशी बातमी वाचली आणि एकदाच वापरता येईल अशी सिरिंज बनवण्याच्या मागं लागला. आपल्या देशात गुजरातमधल्या मोडासा इथं २००९ मध्ये त्याच त्या सिरिंजा वापरल्यानं हिपॅटायटिस बी ची साथ आली होती, कितीतरी माणसं गेली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सगळ्या इंजेक्शनांसाठी सुरक्षित सिरिंजा वापरा असं सांगितलं. लसीकरणाला येणाऱ्या सिस्टरांच्या हातात तुम्ही ०.५ मिलीची बघितली असेल, दट्ट्या शेवटपर्यंत दाबला की लॉक.

आमची पहिली ऑर्डर इथंच फसली. डीलरनं लसीसारखीच, एका दाबात लॉक होणारी दिली. उदाहरणार्थ सेफ्ट्रायॅक्झोन या अँटिबायोटिकची पावडर. पाणी ओढायचं, व्हायलमध्ये सोडायचं, हलवायचं, परत ओढायचं. पाणी सोडलं आणि दट्ट्या लॉक! औषध व्हायलमध्ये, सिरिंज कचऱ्यात, दुसरी फोडा. अशी पेटी अर्धी संपल्यावर पोरींनी साध्या सिरिंजा परत कपाटातून काढल्या, आणि त्यांना काय बोलणार? उपचाराच्या इंजेक्शनांना वेगळा प्रकार मिळतो. त्यात दट्ट्या मागं-पुढं करता येतो आणि काम झाल्यावर जोरानं मागं ओढला की तुटतो. तो मागवला आणि पावडरची भानगड मिटली. पण तोडणं हे आपल्या हातात आलं, म्हणजे माझी वरची तक्रार पुन्हा हजर. रोज सकाळी लाल पिशवीत डोकावलं की न तुटलेल्या चार-दोन दिसतातच. निदान सुई कटरमध्ये गेलेली असते, पांढऱ्या डब्यात, ते मी सोडत नाही.

आणि लॉक असलेली सिरिंज चुकीचा डोस अडवत नाही, हे घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा. लाल टोपीची सिरिंज एका मिलीत ४० युनिट असलेल्या व्हायलसाठी, नारंगी टोपीची एका मिलीत १०० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी. पेन बिघडला म्हणून पेनच्या कार्ट्रिजमधून (त्यात १०० वालं इन्सुलिन असतं) लाल टोपीच्या सिरिंजनं तेवढ्याच खुणेपर्यंत ओढलं तर अडीचपट इन्सुलिन जातं. साखर उतरून बेशुद्ध झालेले पेशंट आमच्याकडं येतात तेव्हा आम्ही घरची सिरिंज मागवून बघतो.

तिसरा पंप घ्यायचा विचार चाललाय. त्याला दट्ट्या मागं घेणारी सोय, बदलता येणारी बॅटरी आणि आम्ही वापरतो त्या सिरिंजची कंपनी मेनूत आहे का, हे डेमोलाच तपासणार आहे. डेमोला पाण्यानं भरलेली सिरिंज लावा, ताशी ५ मिलीवर ठेवा, नळीला चिमटा लावा आणि अलार्म किती वेळानं होतो ते घड्याळ लावून बघा. विक्रेता चहा सांगायला उठेल, उठू द्या, तुम्ही घड्याळाकडं बघत बसा.