नॉर्टन अँथॉलॉजी: घ्यावी, पण कोणता खंड?

इंग्रजी साहित्यात पदवी करणाऱ्याने नॉर्टन अँथॉलॉजी (इंग्रजी साहित्यातल्या निवडक कृतींचा सटीप संग्रह) जरूर घ्यावी, फक्त सहाही खंड एकदम घेऊ नयेत. ए मध्ययुगाचा, बी सोळाव्या शतकाचा आणि सतराव्याच्या पूर्वार्धाचा, सी रेस्टोरेशन (१६६० नंतरचा, राजेशाही परत आल्याचा काळ) आणि अठराव्या शतकाचा, डी रोमँटिक, ई व्हिक्टोरियन, एफ विसाव्या-एकविसाव्या शतकाचा. त्या सत्रात जो पेपर असेल, तेवढाच खंड पुरे. अमेरिकन साहित्याची नॉर्टन वेगळी असते. घाईत चुकून तीच उचलली जाते.

१९६२ पासून हा संग्रह टिकलाय तो मुख्यतः टीपांमुळे. शब्दापुढे बारीक वर्तुळ असेल तर अर्थ त्याच ओळीच्या उजवीकडे समासात मिळतो. आकडा असेल तर तळटीप पाहायची. चौदाव्या शतकातला कवी चॉसर मूळ मध्ययुगीन इंग्रजीत आहे, तो या समासामुळेच वाचता येतो. मात्र पहिलं वाचन टीपा न बघता करावं. समासात एकच अर्थ दिलेला असतो आणि तो आधी वाचला की ओळीतला दुसरा अर्थ सुचतच नाही.

कवितेखाली दोन सालं दिसली तर डावीकडचं लेखनाचं, उजवीकडचं पहिल्या प्रकाशनाचं. हे माहीत नसलं की व्हिक्टोरियन कवी हॉपकिन्सचं ‘द विंडहोवर’ (लेखन १८७७, प्रकाशन १९१८) बिनधास्त विसाव्या शतकातल्या एलियटच्या पिढीत जाऊन बसतं.

शीर्षकाआधी ‘फ्रॉम’ छापलेलं असेल तर तो उतारा आहे. मिल्टनचं ‘पॅराडाइज लॉस्ट’ अखंड मिळतं, पण वर्ड्सवर्थच्या ‘द प्रेल्यूड’चे निवडक भागच आहेत. पेपरला संपूर्ण कृती नेमलेली असेल तर वेगळी प्रत लागणारच. कादंबऱ्यांसाठी तर या संग्रहावर विसंबूच नये. ‘बेवुल्फ’ हे जुनं महाकाव्य आयरिश कवी शेमस हीनीच्या अनुवादात आहे. या ‘बेवुल्फ’च्या शब्दकळेवर लिहिताना ती हीनीची आहे हे विसरू नये, मूळ अँग्लो-सॅक्सन (म्हणजे जुन्या इंग्रजीतलं) वेगळंच आहे.

कागद अतिशय पातळ. हायलायटर मागच्या पानावर उतरतो, शाईचं पेनही. मऊ पेन्सिल बरी. जास्तीच्या नोंदी वेगळ्या वहीत.

जुनी आवृत्ती चालते का? कवितांसाठी उत्तम चालते, कारण संदर्भ ओळ क्रमांकाने द्यायचा असतो आणि पाचा-पाचांचे आकडे समासात असतातच. गद्याचा संदर्भ मात्र पृष्ठांकाने, आणि आवृत्ती बदलली की पानं बदलतात. म्हणून निबंधाच्या शेवटी आवृत्ती लिहायलाच हवी. काही लेखकही आवृत्तीगणिक आत-बाहेर होतात, तेव्हा आधी अनुक्रमणिका अभ्यासक्रमाशी ताडून पाहा. वापरलेल्या प्रतीतला ई-बुकचा कोड बहुधा आधीच वापरून झालेला असतो, त्याचे पैसे मोजू नका.

लेखकपरिचय छान आहेत, इतके छान की उत्तरपत्रिकेत जसेच्या तसे उतरतात. तपासणाऱ्याने ते कित्येकदा वाचलेले असतात.