एजियन की हेब्रिडीज : न सुटलेल्या बोटीची गोष्ट

सुट्टीला जाताना पिशवीत एकच प्रेमकथा घालायची, तर ती ग्रीक बेटावरची घ्यावी की स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांवरची? आमच्या घरी हा प्रश्न दर उन्हाळ्यात निघतो. हिच्यासाठी म्हणून आणलेली पुस्तकं आधी मीच संपवतो, हे आता कोणापासून लपलेलं नाही. पनवेल लोकलमध्ये जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास. एवढ्या वेळात माणूस शेअर बाजाराच्या बातम्या तरी किती दिवस वाचणार?

दोन्हीकडची मिळून वीस-पंचवीस तरी वाचून झाली असतील. नावं घेत नाही, कारण चार वाचली की पाचवी मुखपृष्ठावरूनच ओळखू येते. पांढरी भिंत, निळं दार आणि वरून लोंबणारी बोगनवेल दिसली की ग्रीस. दगडी घर, एखादी मेंढी आणि खिडकीत किटली दिसली की स्कॉटलंड. नायिका बहुतेक वेळा लंडनचीच. तिची नोकरी आणि साखरपुडा एकाच आठवड्यात मोडतात. शेवट गोड होणार हे तर विकत घेतानाच ठरलेलं असतं. तेव्हा कथानकाची तुलना करण्यात अर्थ नाही. मधली तीनशे पानं तुम्हाला कुठे राहायला आवडेल, एवढंच ठरवायचं.

खाण्यापिण्यात ग्रीस सरळ पुढे आहे. दोरीवर वाळत घातलेला ऑक्टोपस, फेटा नावाचं चीज, ऑलिव्हच्या तेलात न्हालेला टोमॅटो. एकादशीच्या दिवशी ही पानं वाचू नयेत. काळे कपडे घातलेली आजी प्रत्येक पुस्तकात असते आणि नायिका दारात आली की तिच्यासमोर बशीत चमचाभर गोड मुरंबा आणि गार पाण्याचा पेला ठेवते. ही तिकडची खरी पद्धत आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या ओटीवरचं गूळ-पाणी आठवलं होतं. स्कॉटलंडवाले याला काय उत्तर देणार? धुरावलेल्या हॅडक माशाचं दाट दुधाळ सूप, ओटची कोरडी बिस्किटं, आणि दर दुसऱ्या दुकानात स्कोन नावाचा छोटा पाव. मासळीचं सूप थंडीत बरं लागत असेल, पण वाचताना तोंडाला पाणी सुटत नाही.

नायकांच्या बाबतीत फार बोलत नाही, तो प्रांत हिचा. ग्रीक नायक अथेन्सहून वडिलांचं हॉटेल सांभाळायला परत आलेला असतो आणि त्याचा लिननचा शर्ट ऑगस्टमध्येही घामेजत नाही. स्कॉटिश नायक विधुर, लोकरीच्या स्वेटरमधला, चाळीस पानांत मिळून सहा वाक्यं बोलणारा. हिचं मत असं की, कमी बोलणारा पुस्तकातच बरा.

जमिनीच्या गोष्टीत मात्र मला राहवत नाही. ग्रीक कादंबरीत नायिकेला कुठलीशी विसरलेली मावशी समुद्राकाठचं घर ठेवून जाते. वकील एक किल्ली देतो, संपलं. ना सातबारा, ना फेरफार, ना कोणी चुलतभाऊ दावा ठोकायला उभा! आणि हे कुठे, तर जिथे देशभराची जमीन नोंदवण्याचं काम नव्वदीच्या दशकात सुरू होऊन पुढे दशकानुदशकं रखडलं, त्या ग्रीसमध्ये. हेब्रिडीजमध्ये घराबरोबर बऱ्याचदा क्रॉफ्ट येतं, म्हणजे कुळाने कसायचा जमिनीचा छोटा तुकडा. त्याला १८८६ च्या कायद्यापासूनचं संरक्षण आहे. त्याबरोबर जबाबदारीही आहे, कूळ जमिनीपासून ३२ किलोमीटरच्या आत राहिलं पाहिजे. आता बघा, नायिकेने लंडनला परत जायचं की इथेच राहायचं, हा प्रश्न कायद्यानेच तिच्यापुढे आणून ठेवला. आम्ही अलिबागकडचे, १९३३ ते १९३९ चाललेल्या चरीच्या शेतकरी संपाच्या मुलखातले. कूळ आणि खोत या गोष्टी आम्हाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. तिकडच्या एग नावाच्या बेटावरच्या माणसांनी तर १९९७ मध्ये वर्गणी गोळा करून, इतरांना हाताशी धरून, जमीनदाराकडून अख्खं बेटच सोडवून घेतलं. शेजारी असे खरे किस्से पडलेले असताना लेखिकेला मावशी मारावी लागत नाही.

पण माझा निकाल यावरही लागला नाही. तो लागला बोटीवर.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं एका टूरबरोबर ग्रीसला गेलो होतो. ऑगस्ट महिना. पारोस बेटावर दोन रात्री आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने पिरेयसला, म्हणजे अथेन्सच्या बंदराला, असं छापील पत्रक हातात होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पारोसच्या पारिकिया बंदरात धक्क्यावर सामानासकट उभे राहिलो. आकाश निळंशार, ढगाचा ठिपका नाही. आणि वारा असा की हिची टोपी गेली ती गेलीच. तिकिटाच्या खिडकीवरच्या मुलीने न बघताच सांगितलं, ‘आपागोरेफ्तिको.’ म्हणजे बंदी. एजियन समुद्रात जून ते सप्टेंबर, आणि त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये जोरात, उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा वारा सुटतो. तो वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट मापावर आठ-नऊच्या घरात गेला की तटरक्षक दल बोटी धक्क्यालाच बांधून ठेवतं. आम्ही दीड दिवस अडकलो. टूरवाल्यांनी पहिल्या तासाभरात आमच्याशी बोलणंच सोडलं.

मला धक्का बसला तो वाऱ्याचा नव्हे. आमच्याकडे गेटवेहून मांडव्याला जाणारी बोट पावसाळ्यात बंदच असते आणि रेवसची लाँच सुटते ती हवा बघून. तीन नंबरचा बावटा लागला की विषय मिटला. माझी आजी तर लाँच म्हटलं की रामदास बोटीच्या गोष्टीवर यायची. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. त्यामुळे ‘बोट सुटणार का?’ हा प्रश्न आमच्या घरात भाजीला मीठ पुरे का, इतक्या सहज विचारला जायचा. मला खुपलं ते हे की, तोवर ग्रीक बेटांवरची दहा-बारा पुस्तकं मी वाचली होती आणि त्यातल्या एकातही बोट रद्द झालेली नव्हती. पुस्तकात वारा असतो, पण नायिकेच्या केसांत. तिथल्या खाणावळीत टेबलावरचा कागद उडून जाऊ नये म्हणून चारही कोपऱ्यांना चिमटे लावलेले असतात, तेवढे चिमटेसुद्धा कोणी लिहिले नव्हते. त्या दीड दिवसात मी ते चिमटे पोटभर बघितले.

यावर तुम्ही म्हणाल, सुटका म्हणून वाचायच्या पुस्तकात वेळापत्रक कशाला? मलाही आधी तसंच वाटायचं. पण त्यानंतर वाचायला लागलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली आणि आता ती दिसल्याशिवाय राहत नाही. बोट कायम हजर असल्यामुळे या कादंबऱ्यांत एक रोग शिरला आहे. पुस्तकाचा पाऊण भाग झाला की दोघांना वेगळं करावं लागतं, नाहीतर शेवटी एकत्र कसे आणणार? मग नायकाचा फोन टेबलावर वाजतो आणि पडद्यावर कुठल्यातरी ‘एलेनी’चं नाव दिसतं. किंवा नायिका खिडकीतून त्याला कोणाला तरी मिठी मारताना बघते. ती त्याची बहीण असते. नेहमीच बहीण असते. ‘ही कोण?’ एवढे दोन शब्द विचारले तर पुस्तक तिथेच संपेल, म्हणून ती विचारत नाही. रडत रडत बॅग भरते, धक्क्यावर येते, आणि बोट तिची वाटच बघत असते. आता हाच महिना ऑगस्ट आहे, मेल्तेमीचा. ती बोट सुटलीच नसती, बाई! तू भिजल्या डोळ्यांनी परत त्याच्याच खाणावळीत आली असतीस, कारण दुसरीकडे खोली मिळाली नसती.

हेब्रिडीजच्या पुस्तकांत नेमकं हेच होतं. नायिका भांडून धक्क्यावर जाते आणि तिथे पाटी: आजच्या फेऱ्या रद्द. बॅगेची चाकं ओल्या दगडांवर खडखडवत ती परत येते. गावात पब एकच, त्यात शेकोटी एक आणि शेकोटीजवळ बसलेला तो. आता बोलावंच लागतं. गैरसमजाचं आयुष्य एका संध्याकाळीपुरतं उरतं. राहिलेल्या शंभर पानांत लेखिकेला खरा प्रश्न घ्यावा लागतो: या माणसाबरोबर, या पावसात, राहणं जमेल का? प्रेमकथेत मला वाचायचं असतं ते हे.

शिवाय तिकडे हवामानाने माणसाचं वेळापत्रक कसं ठरतं, याची तर खाणच आहे. बॅरा बेटावर विमान समुद्राच्या वाळूवर उतरतं आणि भरतीला तीच वाळू पाण्याखाली जाते, म्हणून विमानाच्या वेळा ओहोटी बघून ठरतात. ओहोटी बघून कुलाबा किल्ल्यात चालत जाणाऱ्या माणसाला हे वाचताना किती घरचं वाटतं, ते काय सांगू. लुईस बेटावर रविवार देवाचा, म्हणून त्या दिवशी बोट सोडावी की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद होता. तिथल्या स्टॉर्नोवे गावाहून मुख्य भूमीवरच्या उल्लापूलला जाणारी रविवारची पहिली बोट सुटली ती २००९ च्या जुलैमध्ये. आणि बोटींच्या रखडपट्टीबद्दल म्हणाल तर अतिशयोक्ती करायला जागाच नाही. त्याच किनाऱ्यावरच्या अ‍ॅरन बेटासाठी बांधलेल्या ग्लेन सॅनॉक्स या बोटीचं जलावतरण २०१७ मध्ये झालं आणि प्रवासी तिच्यात चढले २०२५ च्या जानेवारीत. मधल्या काळात एखादी नायिका दोनदा लग्न करून मोकळी झाली असती.

नोव्हेंबरचंही तसंच. ग्रीक कादंबरी मे महिन्यात सुरू होते आणि सप्टेंबरच्या सूर्यास्तात संपते. पण त्या लहान बेटांवर ऑक्टोबर सरला की बरीचशी दुकानं फळ्या लावून बंद होतात. मग हे दोघं हिवाळाभर एकमेकांकडे बघत बसणार का, ते कोणी सांगत नाही. हेब्रिडीजच्या पुस्तकाला हिवाळा टाळता येत नाही. डिसेंबरात स्टॉर्नोवेला दुपारी साडेतीन-पावणेचारला सूर्य बुडतो. अंधार, कंदील, विजेचं जाणं, शेजारणीने आणून दिलेलं सूप... त्या अंधारात जे टिकलं त्यावर माझा जरा जास्त विश्वास बसतो.

खोटेपणा तिकडेही आहेच. उन्हाळ्यात हायलँड्समध्ये आणि त्या बेटांवर मिज नावाची चिलटं ढगासारखी येतात, असं जो तो सांगतो. पण नायक-नायिका तळ्याकाठी संध्याकाळी दोन तास बसली तरी त्यांना एक चावत नाही. प्रत्येक म्हातारी शहाणी असते. विणकाम मंडळात कोणाचं कोणाशी वाकडं नसतं, हे तर कुठल्याही महिला मंडळात गेलेल्या बाईला हसवण्यासारखं आहे. पहिली पन्नास पानं रटाळ जातात. तिथल्या गेलिक भाषेतली नावं मी अजून नजरेनेच ओलांडतो. आणि चार महिने छत्री घेऊन फिरणाऱ्या माणसाला पावसाची वर्णनं किती पुरवायची, याला काही मर्यादा असावी.

अजून एक कबुली द्यायला हवी. ग्रीसला मी जाऊन आलो आहे, हेब्रिडीजला नाही. कदाचित उद्या कुठल्यातरी स्कॉटिश धक्क्यावर दीड दिवस बसवलं तर तिथल्या पुस्तकांतलंही काहीतरी मला खुपायला लागेल आणि मी बोगनवेलीकडे परत येईन. ज्यांना आठ दिवसांच्या सुट्टीत फक्त ऊन आणि निळं पाणी हवंय, बोटीशी ज्यांचं काही देणंघेणं नाही, त्यांनी खुशाल ग्रीस घ्यावं. जुलैच्या झडीत, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत तेव्हा तर घ्यावंच. हिचा कल अजून तिकडेच आहे. तिच्या मते, बहीण असो की बायको, नायक दिसायला बरा असला म्हणजे झालं.

ग्रीसच हवं असेल तर निदान आयोनियन समुद्रातलं, कॉर्फूसारखं बेट निवडा. पश्चिमेकडे असल्याने मेल्तेमीचा तडाखा तिथे तेवढा नसतो, त्यामुळे बोट सुटली तरी निदान पटतं. आणि दुकानात उभ्या उभ्या ठरवायचं असेल तर माझी रीत सांगतो. पुस्तकाचा पाऊण भाग अंगठ्याने मोजून तिथली दोन पानं वाचायची. फोन वाजत असेल तर परत ठेवायचं. धक्क्यावर पाटी लागलेली दिसली तर घ्यायचं. गेल्या महिन्यात असंच एक घेतलं, परवा नेरूळ-बेलापूरच्या मध्ये गाडी अर्धा तास उभी राहिली आणि मी ते शेवटापर्यंत आणलं. आता ते हिच्या उशाशी आहे. तिने शेवटची दहा पानं आधी वाचली, नायक पसंत पडला नाही म्हणाली.