फिश ऑइलच्या ६० गोळ्या, ७४९ रुपये: ३८ खाल्ल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, ब्रँडचं नाव लिहिणार नाहीये, कारण याच पठडीतल्या गोळ्या दहा कंपन्या विकतात आणि मला भांडत बसायचं नाहीये. स्टार द्यायचेच तर पाचपैकी दोन.

झालं असं की रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेले निघाले. डॉक्टर गोड कमी करा, भात कमी करा, चाला एवढंच बोलले, गोळीचा विषयसुद्धा काढला नाही, पण ऑफिसात शेजारी बसणारी म्हणाली अगं ओमेगा थ्री घे, ती माशाच्या तेलातली चांगली चरबी, माझ्या जावेला फरक पडला, आणि मी रात्री साडेअकराला फोनवर ऑर्डर मारून मोकळी.

बाटली आली ती अर्धी रिकामी. समोर भलामोठा '१००० मिग्रॅ'. मागे चष्मा लावून वाचलं तर ईपीए १८०, डीएचए १२०, ही दोन्ही ओमेगा थ्रीचीच नावं, म्हणजे कामाचं ओमेगा थ्री ३०० मिग्रॅ आणि उरलेली ७०० माशाची साधी चरबी. ही फसवणूक नाहीये बरं का, स्वस्तातल्या बहुतेक गोळ्यांचं हेच माप असतं, पण समोरच्या बाजूला ते ३०० का नाही छापत? पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. ट्रायग्लिसराइड्ससाठी देतात तेव्हा दिवसाला २ ते ४ ग्रॅम ओमेगा थ्री देतात, तेही प्रिस्क्रिप्शनवर. म्हणजे या गोळ्या रोज सात ते तेरा गिळायच्या! मी एक घेत होते आणि वर संध्याकाळी भजी खात होते.

पहिले दोन आठवडे ठीक. मग ढेकर सुरू झाले, मीटिंगमध्ये, लोकलमध्ये, कुठेही, आणि ढेकराला जो वास होता तो माशाचा नव्हता, आम्ही मासे खाणारी माणसं, आम्हाला माशाच्या वासाचं काय. एक गोळी दातांनी फोडून बघितली तर कडवट, जुन्या रंगाचा डबा उघडल्यासारखी. तेल खवट झालेलं. माशाचं तेल हवेने, उन्हाने, उष्णतेने फार पटकन खवट होतं, आणि माझीही चूक आहे, बाटली गॅसच्या वरच्या फळीवर ठेवली होती. पण बाटली पारदर्शक कोणी दिली? कस्टमर केअरला मेल केला तर उत्तर आलं, 'मॅम, हा नॅचरल वास आहे.' बरं.

आई देवगडची. ती महिनाभर नुसती बघत होती, मग एक दिवस म्हणाली, "माशाचा तेल गोळयेत घालून कित्याक गिळतस? बाजारात जा नि तारले हाड." म्हणजे तारली आण, सार्डिन म्हणतात तो छोटा तेलकट मासा.

नवरात्र नुकतं संपलं होतं, आणि तारली चरबीला येते ती पावसाळा सरल्यावरच. उन्हाळ्यातली तारली आणि ही, जमीन-अस्मानाचा फरक. बाजारात गेले तर मासेवाल्या मावशीने एक तारली पोटाशी दाबून दाखवली, "बघ, कशी भरलीय." २०० रुपये किलो. आईने तिरफळं ठेचून, सोलं टाकून तिखलं केलं आणि चार तव्यावर टाकल्या. तव्यावर चमचाभर तेल घातलं होतं, पाच मिनिटांनी बघते तर दोन-तीन चमचे तेल, तारलीनेच सोडलेलं. हेच ते तेल. माझी मुलगी त्यातच भाकरी फिरवून खात होती.

मग मी हिशोबाला बसले. ६० गोळ्या गुणिले ३०० मिग्रॅ, १८ ग्रॅम. ७४९ रुपयांत तारली येते पावणेचार किलो, डोकं-काटे-आतडी गेली की अर्धी उरते, आणि हंगामातल्या तारलीत शंभर ग्रॅमला ढोबळ एक ग्रॅम ओमेगा थ्री धरलं तरी १८-१९ ग्रॅम. बरोबरी! मला वाटलं होतं गोळी सपाटून हरेल. पण गोळीत जेवण होत नाही ना, आणि तारलीत ७-८ वेळचं घरचं जेवण होतं.

रागारागात रात्री अजून वाचत बसले. एफएओ, म्हणजे युनोची अन्न-शेतीवाली संस्था, प्रत्येक देशाचा अन्नाचा ताळेबंद बनवते: पिकलं-पकडलं किती, आयात किती, निर्यात किती, जनावरांच्या खाद्यात किती गेलं, उरलं ते भागिले लोकसंख्या, भागिले ३६५. त्यात मासे-कोळंबी-शिंपल्यांतून माणशी दिवसाला किती ग्रॅम फॅट मिळतं तेही येतं. भारताचं एक ग्रॅमही भरत नाही. चहाच्या चमच्याच्या पाव हिश्शाहून कमी, आणि तेही बाजारापर्यंत पोचलेलं, पोटात गेलेलं नव्हे.

आधी खोटं वाटलं. २०२२-२३ मध्ये आपलं मत्स्योत्पादन १७५ लाख टन होतं, मग चरबी गेली कुठे? तर त्यातले १३१ लाख टन गोड्या पाण्यातले वगैरे, जास्त करून रोहू-कटला, ज्यांच्यात चरबी बेताचीच. कोळंबीत तर नावालाच, आणि ती पण परदेशी जाते. बोंबील म्हणजे निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच. खरी तेलकट तारली, तिची तर केरळात २०१२ ला चार लाख टनांच्या आसपास पकड होती ती २०२१ ला साडेतीन हजार टनांच्या आत आली. आणि सापडते त्यातली बरीच तारली रत्नागिरीपासून मंगळुरूपर्यंतच्या फिशमीलच्या कारखान्यांत जाते, तिथे तेल काढतात, उरलेल्याची भुकटी करतात, मग ते कोळंबीच्या खाद्यात. वर सरासरीत मासे न खाणारेही धरलेले.

माझ्या बाटलीवर अँकोव्ही लिहिलंय, तो पण तारलीसारखाच छोटा समुद्री मासा, तेल आयात. असलं तेल सगळ्यात जास्त पेरूमधून येतं, आणि २०२३ ला तिथे मासेमारीचा पहिला हंगामच रद्द झाला तेव्हा जगभर भाव भडकले होते. म्हणजे आपली तारली कोळंबीला आणि पेरूची मासळी मला. वा!

मासे खात नसाल तर गोळी घ्या, माझं काही म्हणणं नाही, पण मागचा आकडा वाचा, काळी बाटली बघा, तारीख बघा, आल्याबरोबर एक फोडून वास घ्या आणि फ्रीजमध्ये टाका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टर.

माझ्या उरल्या होत्या २२. आईने त्यातल्या दोन फोडून बशीत घातल्या आणि आमच्या मजल्यावरच्या बोक्यापुढे ठेवल्या. त्याने वास घेतला, एक पंजा मागे घेतला आणि ती तारल्या साफ करत होती तिथे मोरीपाशी जाऊन बसला.