तळटिपांचं मराठी बायबल : पावसाळ्यापासून नाताळापर्यंत वापरून

आमच्या मंडळीच्या अभ्यासवर्गात ‘शास्त्र परमेश्वरप्रेरित आहे’ हे वाक्य आलं, की मागच्या बाकावरचं एखादं पोर हमखास विचारतं, “म्हणजे नेमकं झालं काय?” देवानं सांगितलं, माणसानं उतरवून घेतलं, एवढ्यावर हल्लीची मुलं ऐकत नाहीत. म्हणून घरात साधं पवित्र शास्त्र असताना हे जाडजूड, टिपांसकटचं घेतलं. प्रकाशकाचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत.

आधी बाहेरचं उरकते. कागद इतका पातळ की मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतात, त्यामुळे खुणा पेन्सिलीनंच करायच्या. शिलाई पक्की आहे, नकाशे स्वच्छ आहेत. टिपांचा टाईप मात्र इतका बारीक की संध्याकाळी दिव्याखाली चष्मा लावूनही डोळे दुखतात. वजनामुळे उपासनेला नेणं जमत नाही.

टिपा जिथे जमल्यात तिथे फार चांगल्या जमल्यात. रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय म्हणजे नुसती नावांची रांग, मी तो कायम भराभर उलटायचे. त्यात २२व्या वचनाशी टीप थांबवते: पत्र लिहून घेणारा तर्तियस मध्येच स्वतःचा सलाम घालतो. सांगणारा प्रेषित पौल, बोरू तर्तियसच्या हातात. करिंथकरांस पहिल्या पत्रात तर पौल म्हणतो, क्रिस्प आणि गायस सोडले तर तुमच्यापैकी कोणाचा बाप्तिस्मा मी केला नाही. लगेच आठवतं, हां, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला. आणखी कोणाचा केला का, ते ठाऊक नाही. ही अडखळ कोणी खोडली नाही, तशीच शास्त्रात राहिली. त्याच पत्राच्या ७व्या अध्यायात लग्नाविषयी लिहिताना हे प्रभूचं सांगणं आणि हे माझं, असं तो स्वतःच वेगळं करून ठेवतो. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीलाच सांगतो की त्यानं सगळ्याचा मुळापासून शोध घेऊन लिहिलंय.

पण पुस्तकाचे पैसे वसूल झाले ते यिर्मयाच्या ३६व्या अध्यायात. संदेष्टा यिर्मया सांगतो, त्याचा लेखनिक बारूख शाईनं गुंडाळीवर लिहितो. ती यहोयाकीम राजापुढे वाचली जाते. हिवाळा आहे, समोर शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूनं कापून आगीत टाकतो, असं करत सगळी गुंडाळी संपते. मग बारूख पुन्हा लिहायला बसतो, आणि शेवटच्या वचनात सांगितलंय की जळालेलं सगळं तर लिहिलंच, शिवाय तशाच आणखी पुष्कळ गोष्टी त्यात घातल्या. श्रुतलेखनाच्या कल्पनेला सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट हीच, आणि इथेही दुसरी प्रत पहिलीपेक्षा वाढलेली! आपल्याकडे वेदांना अपौरुषेय म्हणतात. माझा अंदाज, त्याच चालीवर आम्ही मराठी ख्रिस्तीही माणसाचा हात झाकून बोलतो. बायबल स्वतः तो हात झाकत नाही. आत्म्यानं चालवलेली माणसं बोलली, असं पेत्राच्या दुसऱ्या पत्रात आहे; पण बोलली माणसंच.

आता तक्रारी. सुरुवातीचा ‘प्रेरणा’ ह्या विषयावरचा लेख एकाच बाजूचा आहे. १९७८च्या शिकागो निवेदनाची (ते इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट पुढाऱ्यांनी काढलं) भूमिका, म्हणजे प्रेरणा काटेकोरपणे मूळ लिखाणाला लागू आणि ते लिखाण सर्वस्वी निर्दोष, हीच जणू सगळ्या ख्रिस्ती जगाची आहे अशा थाटात मांडलीय. मूळ लिखाण आज कोणाकडेच नाही, मग माझ्या हातातल्या मराठी पानाचं काय, ह्यावर दोन ओळी. सासर वसईचं कॅथलिक, त्यामुळे मला हे जास्त टोचलं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली ‘देई व्हर्बुम’ ह्या दस्तऐवजात शास्त्राच्या लेखकांना खरेखुरे लेखक म्हटलं, आणि देवानं आपल्या तारणासाठी जे सत्य लिहवून ठेवलं ते शास्त्र न चुकता शिकवतं असं मांडलं. लेखात ह्याचा उल्लेखही नाही. सासूबाईंच्या बायबलात ७३ पुस्तकं आणि माझ्यात ६६ का, हेही तिथे कळत नाही.

गंमत म्हणजे टिपा लिहिणारे लेख लिहिणाऱ्यापेक्षा धीट आहेत. मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातली ९ ते २० ही वचनं सिनाय आणि व्हॅटिकन ह्या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत नाहीत, हे ते सरळ सांगतात. योहानातल्या व्यभिचारी स्त्रीच्या गोष्टीचंही तसंच. आमच्या वर्गात ह्यावर दोन शनिवार खडाजंगी झाली आणि कोणाचा विश्वास गेला नाही.

मात्र १३७व्या स्तोत्राशी आल्यावर त्यांचाही धीर सुटतो. बाबेलात बंदिवान झालेल्या यहुद्यांचं नद्यांकाठचं ते रडणं शेवटच्या वचनात शत्रूची तान्ही बाळं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणतं. हेही परमेश्वरप्रेरित कसं, हाच तर त्या पोरांचा प्रश्न. टिपेत बाबेलचा इतिहास आहे, एदोमचा पत्ता आहे, आणि त्या वचनाखाली काहीच नाही. शौल राजाला अमालेकी लोकांना मुलाबाळांसकट मारायची आज्ञा होते, त्या अध्यायातही तीच टाळाटाळ.

तरी मंडळीसाठी एक प्रत जरूर घ्या. प्रस्तावना सोडून यिर्मया ३६पासून सुरू करा. घरातल्या म्हाताऱ्यांना मात्र ही देऊ नका, त्यांच्यासाठी मोठ्या टाईपचं साधं पवित्र शास्त्रच बरं.