पद्मिनीचा गिअर अडतोय: बुश बदलावेत, बॉक्स उघडावा की लिव्हर खाली आणावा?

स्टिअरिंगवरच्या गिअरची जुनी फियाट किंवा पद्मिनी ठाण्यात सांभाळणाऱ्याला गॅरेजमध्ये तीन सल्ले मिळतात. बाहेरचं लिंकेज (लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या दांड्या आणि त्यांच्या सांध्यांतले बुश) आणि क्लच नीट करून घ्या, गिअरबॉक्स उतरवून आतून काम करा, नाहीतर दुसऱ्या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स टाकून लिव्हर स्टिअरिंगवरून खाली, गाडीच्या तळाशी आणा. खर्चही याच क्रमाने वाढतो. गंमत अशी, की बरेच मिस्त्री सुरुवात मधल्या सल्ल्यापासून करतात. माझं मत उलट आहे: बाहेरचं सगळं तपासून झाल्याशिवाय बॉक्सच्या नटाला पाना लावू देऊ नका.

दुखणं कुठे आहे ते घरीच बऱ्यापैकी कळतं. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत सहज पडतात आणि इंजिन सुरू केलं की अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. खात्री करायची तर गाडी आयडलवर ठेवून क्लच दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही खर्रर्र झालं, तर संशयित क्लचच. आधी पेडलचा प्ले (मोकळी हालचाल) आणि जोडणी बघा. हायड्रॉलिक असेल तर सिलिंडरची रबरं आणि लाइनमधली हवा. कधीकधी फ्लायव्हीलमधला पायलट बुश (बॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात फिरतं तो) धरलेला असतो आणि लक्षणं हुबेहूब हीच दिसतात, पण तो शेवटी तपासायचा, कारण त्यासाठी बॉक्स उतरवावा लागतो. आणि हो, या गाड्यांच्या पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवून देणारी रिंग) नाही. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी सरकत असताना पहिला टाकला की खरखर होणारच. तो बिघाड नव्हे. गाडी थांबवून टाका किंवा डबल क्लच करा, म्हणजे न्यूट्रलला क्लच एकदा सोडून, थोडा ॲक्सिलरेटर देऊन, पुन्हा दाबून टाका.

बंद गाडीतही गिअर सापडत नसेल, तर लिंकेज. बॉनेट उघडा, एकाला आत बसवून लिव्हर हलवायला सांगा आणि स्टिअरिंग कॉलमच्या बाजूने उतरणाऱ्या दांड्यांवर नजर ठेवा. लिव्हर हलतो, दांडी हलत नाही. मग ‘टक्’ असा आवाज येतो आणि ती उचलते. तो ‘टक्’ म्हणजे झिजलेला सांधा. जवळून पाहिलं तर गोल भोक लांबट झालेलं असतं, बुशचा नुसता चुरा उरलेला असतो आणि स्प्लिट पिनच्या जागी कुणीतरी तार पिळलेली असते. एकेका सांध्यातला प्ले किरकोळ, पण सगळ्यांचा मिळून इतका होतो की तुम्ही लिव्हर एका गाळ्यातून (गिअरच्या एका जोडीच्या रांगेतून) दुसऱ्यात नेला तरी बॉक्स पहिल्याच गाळ्यात राहतो. मग दोन्हींच्या मधे कुठेतरी अडकतो. टॅक्सीवाले अशा वेळी खाली उतरून, बॉनेट उघडून, हातानेच दांडी जागेवर आणायचे.

याच कामात इंजिनाची माउंटिंग बदलून घ्या. लिव्हर बॉडीला बसवलेला असतो आणि बॉक्स रबरावर टेकलेल्या इंजिनाबरोबर हलतो. रबर दबलं की इंजिन खाली बसतं आणि नीट लावलेल्या दांडीचंही माप चुकतं. नवे बुश टाकूनही आठवड्यात तक्रार परत येते, त्यामागे बहुधा हेच असतं. बुश तयार मिळाला नाही तर वागळे इस्टेटमध्ये लेथवाल्याकडून पितळी करून घेता येतो. तो टिकतो, पण इंजिनाची थरथर लिव्हरपर्यंत आणतो. मिळेल तिथे मी मूळ प्रकारचाच बुश घेईन.

गिअरबॉक्स उघडायची लक्षणं वेगळी. बाकी सगळं ठीक, फक्त तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना खर्रर्र होतं, म्हणजे त्या गिअरची सिंक्रो रिंग गेली. पाम बीच रोडला वेगात असताना ॲक्सिलरेटर सोडला आणि गिअर आपोआप न्यूट्रलला आला, तर दात किंवा सिलेक्टरचा बॉल-स्प्रिंग (गिअर जागेवर धरून ठेवणारा) झिजलाय. पण इथेही एकदा माउंटिंग बघाच. न्यूट्रलला घूं-घूं येते आणि क्लच दाबला की थांबते, ती बॉक्सची बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारी).

उघडण्याआधी एकदा गिअर ऑईल बदलून पाहा. बॉक्समध्ये जीएल-४ प्रतीचं घाला (डब्यावर GL-4 असं लिहिलेलं असतं). जीएल-५ मधली गंधकयुक्त रसायनं सिंक्रोच्या पितळी रिंगांना बाधू शकतात. ते मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलसाठी ठीक. दुकानदार ‘नव्वद नंबर’ म्हणून दोन्हीतलं कुठलंही हातात देतो, तेव्हा डबा वाचून घ्या. आणि बॉक्स उतरलाच, तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बुश आणि ऑईल सील त्याच मजुरीत करून घ्यावेत. स्क्रॅप टॅक्सीचा अख्खा बॉक्स टाकायचा मोह होईल. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, त्यामुळे असा बॉक्स वर्षानुवर्षे टॅक्सीत घासलेला असणार हे धरून चाला. सुट्या भागांसाठी घ्या, तसाच बसवायला नको.

तिसरी वाट दिसायला छान. पाच गिअर मिळतात आणि रोज ठाणे-बेलापूर रोडने जाणाऱ्याला चालवणं सोपं होतं. पण बॉक्स इंजिनाला जोडायला ॲडॉप्टर प्लेट लागते, प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) कापून बॅलन्स करावा लागतो, स्पीडोमीटर चुकू शकतो, पत्रा कापावा लागतो आणि पुढच्या बाकावर तिसऱ्याची जागा जाते. जुनाच बॉक्स ठेवून फक्त लिव्हर खाली आणणाऱ्यांना मी हात जोडतो: झीज तिथेच, वर नव्या दांड्यांचा घोळ.

कायद्याचीही बाजू आहे. मूळ बनावटीत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे, त्यामुळे काम सुरू करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही विचारा. २०२१ च्या नियमानुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. गिअरबॉक्सचं नाव त्यात नाही, पण कापलेला पत्रा बॉडीचाच. शिवाय व्हिंटेज नंबरची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, म्हणजे पाचव्या गिअरचा मुद्दाच संपतो.

त्यामुळे रविवारची गाडी असेल तर बुश, माउंटिंग आणि क्लच, आणि महिनाभर चालवून बघा. रोजची असेल आणि दुसऱ्या गिअरची खरखर त्यानंतरही राहिली, तर बॉक्स उघडा, तोही टॅक्सीच्या काळात हे काम केलेल्या जुन्या मिस्त्रीकडेच. काढलेल्या रिंगा आणि बेअरिंग परत मागून घ्या. काय झिजलं होतं ते तुम्हालाही दिसेल. पाच गिअरचा बॉक्स मी फक्त अशा गाडीत टाकेन, जिचा मूळ बॉक्स आधीच गायब आहे.