थीम तीच, हायलाइट माझे: व्हीएस कोडमधले रंग बदलून सात महिने

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या चार घरांना जुन्या दराची पावती गेली, आणि ती माझ्यामुळे गेली. मुलुंडची आमची इमारत लहान. मेंटेनन्सच्या पावत्या काढायला मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली आहे, आणि कोड लिहायला व्हीएस कोड हा एडिटर वापरते. नवं आर्थिक वर्ष, नवा दर. दरांच्या तक्त्यात ८५० हा आकडा सात ठिकाणी होता, त्याचा ९२५ करायचा होता. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. एका ८५० वर कर्सर ठेवला, कंट्रोल-डी (दर वेळी तोच मजकूर एकेका ठिकाणी निवडणारं बटण) तीनदा दाबलं, सातही आकडे उजळलेले दिसले. झालं म्हटलं, ९२५ टाइप केलं, सेव्ह केलं आणि लॅपटॉप मिटला. प्रत्यक्षात निवडले गेले होते तीनच. बाकीचे चार 'हाच आकडा इथेही आहे' एवढंच सांगायला उजळले होते. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी काकांचा फोन आला, "ताई, दुसऱ्या मजल्याला काही सवलत दिली आहे का?"

चूक माझीच, न तपासता लॅपटॉप मिटल्याची. पण त्या निमित्ताने एक गोष्ट पहिल्यांदा नीट पाहिली: मी निवडलेला मजकूर आणि एडिटरने सुचवलेला मजकूर, दोन्ही माझ्या डोळ्यांना एकाच रंगाचे दिसत होते. वय बेचाळीस, चाळिशी लागून दीड वर्ष झालेलं. तेव्हापासून नोव्हेंबरपर्यंत मी या रंगांशी जी खटपट केली तिचा हा अनुभव.

आधी थीमबद्दल, म्हणजे एडिटरच्या तयार रंगसंचाबद्दल. मी सोलराइज्ड डार्क वापरते, ती व्हीएस कोडसोबतच येते. ईथन शूनोवर यांनी २०११ मध्ये बनवलेल्या या पॅलेटमध्ये एकूण १६ रंग आहेत आणि ते मला मनापासून आवडतात. काळ्याकुट्ट पडद्यावर पांढरीफेक अक्षरं असली की मला त्या अक्षरांना झालर दिसते (दृष्टिवैषम्य आहे), तो त्रास इथे नाही. त्यामुळे लोक सुचवतात तसं 'दुसरी थीम टाकून बघ' हे मला नको होतं. तेही करून झालंय म्हणा. एका महिन्यात अकरा थीम बदलल्या आणि प्रत्येकीत काहीतरी खटकलंच. साडी आवडली आणि फक्त काठ नको असेल, तर काठ बदलून घ्यावा.

व्हीएस कोडमध्ये हे काठ बदलायचं काम सेटिंग्जच्या जेसन फाइलीत (साध्या मजकुराचीच फाइल ती) होतं. 'वर्कबेंच डॉट कलरकस्टमायझेशन्स' या कप्प्यात खिडकीचे, पट्ट्यांचे आणि सगळ्या हायलाइटचे रंग येतात. 'एडिटर डॉट टोकनकलरकस्टमायझेशन्स' हा कप्पा खुद्द कोडच्या अक्षरांच्या रंगांचा. नावं पाठ करावी लागत नाहीत, दोन अक्षरं लिहिली की यादी खाली उघडते. रंगाच्या कोडवर माउस नेला की छोटा रंगफलक येतो. फाइल सेव्ह केली की रंग तिथल्या तिथे बदलतो, एडिटर बंद करून उघडावा लागत नाही. हा भाग फार छान केलेला आहे.

खरी गंमत हायलाइटच्या नावांत आहे. मला आधी वाटायचं की हायलाइट एकच असतो. निघाले अर्धा डझन. 'सिलेक्शनबॅकग्राउंड' म्हणजे आपण स्वतः निवडलेला मजकूर. 'सिलेक्शनहायलाइटबॅकग्राउंड' म्हणजे निवडलेल्या मजकुरासारखाच मजकूर इतरत्र जिथे असेल ती ठिकाणं. माझ्या चार पावत्या इथेच बुडाल्या. 'वर्डहायलाइटबॅकग्राउंड' लागतो तो काहीच न निवडता कर्सर एखाद्या नावावर ठेवला तर. त्याचाच थोरला भाऊ 'वर्डहायलाइटस्ट्राँग', आणि हा माझा सर्वात मोठा शोध: साधा वर्डहायलाइट व्हेरिएबल (किंमत साठवणारं नाव) जिथे वाचलं जातं तिथे दिसतो, स्ट्राँगवाला जिथे त्यात किंमत भरली जाते तिथे. दोघांना वेगळे रंग दिले की एखाद्या व्हेरिएबलची किंमत कुठे बिघडते आहे ते शोधायला निम्मं काम डोळेच करतात. इतकी वर्षं हा फरक पडद्यावर होता आणि मला दिसला नव्हता, कारण दोन्ही छटा जवळपास सारख्या. मग शोधाचे रंग: 'फाइंडमॅच' म्हणजे सध्या ज्यावर उभे आहोत तो, 'फाइंडमॅचहायलाइट' म्हणजे बाकीचे सगळे.

माझी आजची मांडणी अशी आहे. स्वतः निवडलेल्याला ठसठशीत भरीव निळा. सारख्या मजकुराला आत रंगच नाही, नुसती बारीक चौकट. त्यासाठी 'सिलेक्शनहायलाइटबॉर्डर' असा वेगळा रंग देता येतो. चौकट आणि भरीव ठोकळा यांत झोपेतही गोंधळ होत नाही. शोधातला चालू शब्द नारिंगी, बाकीचे त्याच नारिंगीची विरळ छटा. किंमत भरण्याच्या जागेला जांभळट. चालू ओळीचा पट्टा मी काढूनच टाकला आणि फक्त ओळीचा क्रमांक उजळ ठेवला, कारण तो पट्टा सिलेक्शनच्या रंगात मिसळत होता.

विरळ छटेवरून आठवलं. रंगाच्या सहा अक्षरांपुढे आणखी दोन लिहिली की ती पारदर्शकता ठरवतात. मी तिथे ८० लिहून '८० टक्के गडद' समजत होते आणि रंग फिका का दिसतो म्हणून आठवडाभर चरफडत होते. हे आकडे दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजलेले, त्यामुळे ८० म्हणजे जेमतेम निम्मा आणि ४० म्हणजे पाव. कॉलेजात शिकलेलं असूनही डोक्यात प्रकाश पडायला मंगळवार उजाडला. बरेचसे हायलाइटचे रंग अपारदर्शक ठेवू नका असं व्हीएस कोडच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय, नाहीतर त्यांच्याखालच्या चुकांच्या नागमोडी रेघा आणि इतर खुणा झाकल्या जातात. सिलेक्शन मी भरीव ठेवलंय ते जाणूनबुजून.

एक संध्याकाळ फुकट गेली ती 'सिलेक्शनफोरग्राउंड'पायी. निवडलेल्या अक्षरांचा रंग पांढरा करावा म्हणून मी तो दिला, सेव्ह केला, परत दिला, एडिटर बंद करून उघडला, ढिम्म. मग त्याची ओळ नीट वाचली: हा रंग हाय कॉन्ट्रास्ट थीमसाठी आहे. त्यामुळे साध्या थीममध्ये मागचा रंगच असा निवडा की त्यावर सगळी अक्षरं वाचता येतील.

आता अक्षरांचे रंग. इथे मी सुरुवातीला हावरटपणा केला. कीवर्ड, फंक्शन, टाइप, आकडे, स्ट्रिंग, व्हेरिएबल, कोडमधल्या अशा प्रत्येक प्रकारच्या शब्दाला वेगळा रंग. दोन दिवस फार हौस वाटली. तिसऱ्या दिवशी मुलगा मागे येऊन म्हणाला, "आई, ही गोधडी कशाची?" बरोबर होतं त्याचं. सगळंच उठून दिसायला लागलं तर काहीच उठून दिसत नाही. जून संपेपर्यंत एकेक रंग काढत गेले, आणि आता मूळ थीमपेक्षा फक्त तीन गोष्टी वेगळ्या आहेत: कॉमेंट (कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपा), स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) आणि आकडे.

कॉमेंटबद्दल माझं मत ठाम आहे. बहुतेक थीममध्ये त्या पुसट करतात, जणू त्या वाचायच्याच नसतात. सोलराइज्ड डार्कमध्ये कॉमेंटचा रंग आणि मागचा रंग यांचं कॉन्ट्रास्टचं प्रमाण मी काढलं तर ते २.८ च्या आसपास येतं. वेबवरच्या साध्या मजकुरासाठी डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या नियमावलीचं किमान प्रमाण ४.५ आहे. पंचविशीतल्या डोळ्यांना चालत असेल. मी सहा महिन्यांपूर्वी स्वतःच लिहिलेला इशारा मला वाचता आला नाही तर तो लिहिला कशाला?

दुसरी अडचण अस्सल मराठी आहे. पावत्यांच्या स्क्रिप्टमध्ये मी कॉमेंट मराठीत लिहिते. थीम कॉमेंटना तिरकं करते. इंग्रजी अक्षरांना तिरकं वळण शोभतं, कारण फाँटमध्ये ते वेगळं घडवलेलं असतं. माझ्या मशीनवर देवनागरीसाठी तसं काही नव्हतं, त्यामुळे सरळ अक्षरंच ओढून कलती केलेली, शिरोरेषेच्या पायऱ्या झालेल्या आणि मात्रा शेजारच्या अक्षरावर रेललेल्या. विरार फास्टमध्ये दारात उभे असलेले लोक वळणावर कलतात तशी ओळ. उपाय अगदी साधा: 'कॉमेंट्स'मध्ये रंगासोबत 'फाँटस्टाइल' द्यायचं आणि त्याची किंमत रिकामी ठेवायची. कलणं बंद. सात महिन्यांतला सर्वात सुखाचा बदल हाच.

काही अक्षरांचे रंग मात्र बदलता बदलत नाहीत. तेव्हा कमांड पॅलेटमधून (एडिटरच्या आज्ञांची यादी) 'इन्स्पेक्ट एडिटर टोकन्स अँड स्कोप्स' चालवा. कर्सर ज्या शब्दावर असेल त्याला रंग कुठल्या नियमाने मिळाला ते दिसतं. बऱ्याचदा उत्तर निघतं सिमँटिक हायलाइटिंग. म्हणजे टेक्स्टमेट या दुसऱ्या एडिटरच्या पद्धतीच्या व्याकरणाने दिलेल्या रंगावर, कोड समजून घेणारी भाषेची सेवा स्वतःचा दुसरा थर चढवते. तिचे रंग बदलायचा कप्पाही वेगळाच. हे ठाऊक नसेल तर माणूस स्वतःवरच संशय घ्यायला लागतो.

माझं ऑफिस पवईत आहे. कांजूरमार्गला उतरून शेअर रिक्षाने जाते. माझी जागा पश्चिमेच्या खिडकीशी, दुपारी तीननंतर गडद थीमच्या पडद्यात कोडऐवजी माझाच चेहरा दिसतो. म्हणून तिथे उजळ थीम. आणि इथे मी आपटले. रंग बदलताना ते कुठल्या थीमसाठी ते लिहिलंच नव्हतं, त्यामुळे रात्रीचा गडद निळा दुपारच्या पांढऱ्यावरही येऊन बसला आणि निवडलेली अक्षरं दिसेनाशी झाली. तेही सगळ्यांसमोर स्क्रीन शेअर केलेली असताना. थीमचं नाव चौकोनी कंसात लिहून तिचे रंग त्याच्या आत ठेवायचे, हे पहिल्या दिवशीच करा. आता सिस्टिमच्या उजळ-गडदप्रमाणे थीम आपोआप बदलते आणि प्रत्येकीचे हायलाइट तिच्यासोबत येतात. पावसाळ्यात मात्र चार महिने मी दुपारीही गडदच ठेवली, खिडकीबाहेर तसाही उजेड नव्हता.

ऑफिसमधल्या एका ज्युनिअरमुळे आणखी एक बदल झाला. माझ्या मशीनवर दोघं मिळून बदल तपासत होतो, तर तो हळूच म्हणाला, "मॅडम, यात काढलेली ओळ कुठली आणि घातलेली कुठली?" त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. इतके महिने तो रंगांकडे न बघता कडेच्या अधिक-उणेच्या खुणांवर काम भागवत होता. डिफचे, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या पडद्याचे, रंगही याच 'वर्कबेंच' कप्प्यात बदलतात. घातलेल्याला निळा आणि काढलेल्याला नारिंगी दिला. ओळीचा रंग आणि ओळीतल्या नेमक्या बदललेल्या शब्दांचा रंग वेगवेगळे द्यावे लागतात, एकच बदलला तर खाली जुना हिरवा डोकावतो. इतकं हाताने करायचं नसेल तर गिटहबच्या अधिकृत थीमसंचात रंगांधांसाठीच्या थीम तयार मिळतात. माझ्या मशीनवर मी निळा-नारिंगी तसाच राहू दिलाय.

तक्रारी? नावांचा पसारा अवाढव्य आहे आणि कुठला रंग कशावर चढतो हे प्रयोग केल्याशिवाय कळत नाही. कंसांच्या जोड्यांचे रंग वेगळे, टर्मिनलचे (आज्ञा चालवायच्या खालच्या खिडकीचे) १६ रंग वेगळे. पण सेटिंग्जच्या फाइलीत दोन तिरक्या रेघा देऊन टिपा लिहिता येतात, ती सवय लावा. माझ्या फाइलीत प्रत्येक रंगापुढे तो का दिला ते लिहिलंय, आणि सिलेक्शनच्या ओळीपुढे फक्त 'दुसरा मजला' एवढंच.

टर्मिनलचे रंग दिवाळीच्या सुट्टीत करायचे ठरवले होते. चकल्यांनी ते होऊ दिलं नाही, त्यामुळे खालच्या खिडकीत अजून जुनाच पिवळा आहे आणि इशारे वाचायला मी चष्मा वर करून वाकते.